गाडी थंड ठेवण्याची वही

१० मार्च २०२५, सोमवार

ही वही गाडीसाठी आहे, माझ्या रडगाण्यासाठी नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. कंपनीत एकतीस वर्षं मी शिफ्टची वही लिहिली. कुठल्या लायनीचा वाफेचा पाइप, किती इंची, किती फूट बांधला, आणि खाली सही: झुंबर. त्यापलीकडे लिहायची सवय नाही. पण मिथुन म्हणाला, "काका, गाडी कुटं बंद पडते, किती वाजता, किती चालल्यावर, सगला लिवून ठेवा. रोग कळल्याबिगर दवा कशी देनार?" मिथुन नवापूरचा. होड्यांची इंजिनं आणि जुन्या गाड्या, दोन्ही करतो.

तर पहिली नोंद गेल्या गुरुवारची. बायकोच्या, सोजरच्या, छातीतलं पाणी दुसऱ्यांदा काढून पालघरहून परत येत होतो. दुपारचे अडीच. उमरोळीच्या पुढे फियाटनं दोन झटके खाल्ले आणि गप्प बसली. चाळीस मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला. सोजर पुढच्या सीटवर, दाराची तिकोनी काच उघडून, तोंड त्या फटीपाशी धरून. येणारे-जाणारे ट्रक धूळ उडवून जात होते आणि मी बोनेट उघडून उगाच आत बघत होतो. काही कळत नसलं तरी बोनेट उघडून बघावं लागतं, नाहीतर बायकोला वाटतं हा काहीच करत नाही.

घरी आल्यावर म्हटलं, पुढच्या वेळी भाड्याची एसी गाडी करू. तर म्हणते, "आवं, त्या बंद डबड्यात माझा जीव गुदमरतो. हिच्या तिकोनी काचेतनं वारं थेट नाकावर येतं." खरं आहे ते. टीबीच्या गोळ्या चार महिने चालू आहेत, तरी धाप कमी नाही. पंखा तिला पुरत नाही, खिडकी पुरत नाही. पण फियाट चालू असली की ती दोन घास जास्त हवा घेते.

मग रात्रीचं जेवण झाल्यावर हळूच म्हणाली, "या आखितीला मला जमनाअक्काकडं न्या." जमनाअक्का तिची थोरली बहीण, पाथर्डीकडे. आई लवकर गेली म्हणून हिला तिनंच वाढवलं. आता तिला दिसत नाही, प्रवास झेपत नाही. सहा वर्षांत दोघींची भेट नाही, फोनवर नुसत्या रडतात. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. पण कंपनीचं वार्षिक शटडाउन नेमकं एप्रिल-मेमध्ये असायचं, पाइप थंड असताना बांधायचे म्हणून मला सुट्टी नसायची, आणि मला डबा कोण देणार म्हणून तिलाही नसायची. लग्नानंतर एकही आखिती तिनं माहेरी केलेली नाही. हे मला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

मी "नेतो" म्हणालो. आखिती तीस एप्रिलला. सव्वातीनशे किलोमीटर, मध्ये माळशेज घाट, आणि गाडी पालघरहून बोईसरला धड पोचत नाही.

१२ मार्च

मिथुननं दोन तास गाडी बघितली. मी म्हणालो, रेडिएटर साफ करू, गाडी तापते. तो हसला. "काका, काटा बगा. मदी हाय. इंजन तापत नाय तुमचा. पेट्रोल तापते."

मग त्यानं समजावलं. सायलेन्सरचा लालबुंद पाइप कार्बोरेटरच्या खालूनच निघतो. पेट्रोलची नळी त्याच्याच शेजारून येते. आताच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं, ते लवकर उकळतं. नळीतच उकळून वाफ झाली की पंप नुसती वाफ ओढत बसतो. त्याला एअर लॉक म्हणतात. आणि सगळ्यात वाईट वेळ म्हणजे इंजिन बंद केल्यानंतरची पहिली वीस मिनिटं. पंखा थांबतो, वारा थांबतो, आणि साठलेली सगळी आच वर येते.

हे ऐकून मला बरंच वाटलं. आच अडवणं हेच तर माझं काम. वाफेचा पाइप बांधून झाला की आम्ही त्यावर उघडा तळहात ठेवायचो आणि दहापर्यंत मोजायचो. भाजलं नाही तर काम पास. एकतीस वर्षांत माझा एकही पाइप नापास झाला नाही. एक फियाट मला काय हरवणार.

१६ मार्च, रविवार

हरवलं. शिरगावच्या किल्ल्यापर्यंत चाचणी घेतली. जाताना ठीक. किनाऱ्याशी दहा मिनिटं थांबून परत चालू केली तर होईना. सुकी मासळी वाळत घालणाऱ्या बायका बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "दादा, तिला पानी पाजा." पंपावर ओलं फडकं टाकलं, पंधरा मिनिटांनी चालू झाली. पुढे सात किलोमीटरवर परत तेच.

ओलं फडकं लगेच सुकतं. सोजरनं स्वयंपाकघरातलं तिचं पांढरं मसोतं काढून दिलं. "हे न्या. याला आच लागत न्हाई." पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मीच कंपनीतून आणून दिलेलं जाड विणीचं कापड. चुलीवरची तापलेली पातेली ती त्यानंच उतरवते, तव्यावरची भाकरी त्यानंच दाबते. तेव्हा साडी आणायची ऐपत नव्हती, पण तिचे हात भाजू नयेत म्हणून हे आणलं होतं. इतक्या वर्षांत कडा विरल्या, धागे निघाले, तरी तिनं टाकलं नाही. मसोतं पंपावर घातलं. पाच किलोमीटरचा फरक पडला.

१९ मार्च

पेट्रोलची नळी बदलली. जुनी रबरी नळी आतून चिकट झाली होती. नवी नळी पाइपापासून वीतभर लांबून फिरवली. कार्बोरेटरखाली दुप्पट जाड बेकलाइटचं पॅकिंग. सोजरला आज दोन पोळ्या गेल्या.

२४ मार्च, सोमवार

पालघर. नवीन डॉक्टर, तरुण बाई आहेत. टीबीचे सगळे कागद त्यांनी बाजूला ठेवले आणि छातीचा फोटो बराच वेळ उजेडासमोर धरला. म्हणाल्या, आतल्या पडद्याचा तुकडा काढून तपासायला पाठवू. मग सोजरला विचारलं, "तुम्ही कधी कारखान्यात काम केलंय? कापसाच्या गिरणीत, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात?"

मीच उत्तर दिलं. "नाही डॉक्टर. आयुष्यात कारखान्याच्या गेटच्या आत पाऊल टाकलेलं नाही तिनं. मी टाकू दिलं नाही." हे सांगताना मला जरा अभिमानच वाटला. बोईसरमधल्या कितीतरी बायका पॅकिंगला जातात, केमिकलचा वास अंगाला घेऊन येतात. सोजरला मी घरात सुखात ठेवलं.

डॉक्टर आणखी काही विचारणार होत्या, पण सोजरला खोकल्याची उबळ आली आणि ते राहिलं.

परतताना गाडी बंद पडली नाही. संध्याकाळ होती, त्यामुळे ही चाचणी धरत नाही.

२६ मार्च

प्रतीक्षानं तापमान मोजायची बंदूक मागवून दिली. प्रतीक्षा आमची एकुलती एक, पालघरला शाळेत शिकवते, रोज संध्याकाळी येऊन आईला अंघोळ घालून जाते. बंदूक लांबून रोखायची, आकडा दिसतो. पेट्रोलच्या नळीपाशी अठ्ठ्याऐंशी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कार्बोरेटर आणि पाइपाच्या मध्ये आडोसा बसवला. एकोणऐंशी. मिथुन म्हणतो, सत्तरच्या खाली आणल्याशिवाय घाट विसरा.

"आमी होडीच्या सायलेन्सरला दोरी गुंडालतो," तो म्हणाला. "पन चांगली दोरी आता मिळत नाय."

मी म्हणालो, थांब. माळ्यावर एक गोणी आहे. कंपनीनं शेवटच्या वर्षांत काचेची लोकर आणली आणि जुनी पांढरी दोरी फेकायला काढली. साहेबांनी खड्डा खणून पुरायला सांगितली होती. एवढा उत्तम माल पुरायचा? मी एक गोणी सायकलवर घालून घरी आणली होती. नऊ-दहा वर्षं पडून आहे. देवानंच ठेवायला लावली असणार.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी प्रतीक्षानं उभारली. दुपारी अंगणात बसून मी आणि सोजरनं दोरी तयार केली.

आधी ती गोणी झटकून मोकळी करावी लागली. मग दोरी लाकडी दांडक्यानं कुटून मऊ करायची, ओली करायची, आणि पाइपावर घट्ट, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळायची. ओली बांधलेली दोरी सुकली की पाइपाला मिठी मारते. मी सोजरला म्हणालो तू आत पड, तर खुर्ची घेऊन बाहेर आली. "मला काय नवी हाय का ही? हिच्या पिठात तर संसार झाला माझा."

मग आम्ही जुन्या गोष्टी काढल्या. मी घरी यायचो तेव्हा कपड्यांवर, भुवयांवर, कानांत पांढरं पीठ. पोरगी घाबरायची. सोजर मला दारातच उभं करायची, सदरा काढून घ्यायची आणि कुंपणावर फटाफट झटकायची. झटकल्याशिवाय बादलीत टाकला तर पाण्याचा लगदा होतो म्हणायची. मी आत येऊन चहा घेईपर्यंत तीच पांढरी झालेली असायची. मी चिडवायचो, आता तू म्हातारी कशी दिसशील ते मला आधीच कळलं. ती म्हणायची, बघून घ्या, मग तक्रार नको.

आज पुन्हा तिच्या केसांवर दोरीचं पीठ बसलं. आता केस तसेही पांढरेच, त्यामुळे कळत नव्हतं. ती हसली, मग खोकली, बराच वेळ खोकली. पण कित्येक महिन्यांत तिला एवढी खुशीत पाहिली नव्हती. पाडवा चांगला झाला.

३१ मार्च

भर बारा वाजता दातिवऱ्यापर्यंत गेलो. तिथे मुद्दाम अर्धा तास थांबलो. एका चावीत चालू! परत येताना रणरणतं ऊन होतं डोक्यावर, तरी एक झटका नाही. नळीपाशी एकसष्ट. बांधलेल्या पाइपावर गाडी चालू असताना तळहात ठेवला आणि दहा मोजले. पास.

घरी येऊन सोजरला सांगितलं तर म्हणाली, "मग अक्काला फोन लावा." दोघी फोनवर पहिल्यांदा रडल्या नाहीत.

८ एप्रिल, मंगळवार

तपासणीचा रिपोर्ट आला. प्रतीक्षानं शाळेतून सुट्टी काढली होती. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही गाडीपाशी थांबा, इथे पार्किंगवाले त्रास देतात. मी थांबलो. एक तास झाला. दोघी बाहेर आल्या तेव्हा प्रतीक्षाचे डोळे सुजलेले, सोजर मात्र शांत. मी विचारलं, काय म्हणाल्या? प्रतीक्षा म्हणाली, "कॅन्सर आहे, पप्पा. फुप्फुसाच्या पडद्याचा. पुढे गेलेला आहे." मी विचारलं, कशामुळे? तिनं आईकडे बघितलं. सोजरच म्हणाली, "नशिबानं. आणि कशामुळं? चला, मला उसाचा रस प्यायचाय."

रसाच्या गाडीपाशी ती माझ्या हातांकडे बघत होती. मी म्हणालो, काय बघतेस, ग्रीस आहे. ती म्हणाली, काही न्हाई.

केमोनं फार तर काही महिने वाढतील म्हणाल्या. सोजर नको म्हणाली.  माझं डोकं चालत नव्हतं. मी गाडी चालू केली, ती चालू झाली, एवढंच आठवतं.

११ एप्रिल

घरात काय चाललंय मला कळत नाही. प्रतीक्षानं सोजरचं मसोतं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला टेप मारून नेलं. गोणीतली उरलेली दोरीही तशीच नेली, दोन-दोन पिशव्यांत, तोंडाला मास्क लावून. अंगण पाण्यानं धुतलं. मी म्हणालो, अगं, ते मसोतं तुझ्याएवढं जुनं आहे, तुला एवढं खुपलं? तिनं पिशवीला आणखी एक टेप मारला. आजारपणात माणसं सफाईच्या मागे लागतात, तसं असेल.

सोजर तर माझ्यावर ओरडली. मी फक्त दोरीचं एक टोक सुटलंय का बघायला बोनेट उघडत होतो. खिडकीतून ओरडली, "त्या दोरीला हात लावायचा न्हाई! माझी शपथ हाय!" ओरडल्यामुळे तिला एवढी धाप लागली की मी घाबरून बोनेट बंद केलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामात तिनं कधी बोट घातलं नव्हतं. आजारानं माणूस चिडचिडा होतो हे मला माहीत आहे. तरी वाईट वाटलं. तिच्यासाठीच बांधली ना मी ती?

१७ एप्रिल

प्रतीक्षा म्हणते या गाडीनं जाऊ नका. ॲम्ब्युलन्स करू. आत दोघींचं हळू आवाजात भांडण चाललं होतं, मला सोजरचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. "त्यांनी माझ्यासाठी केलीया गाडी. मी तिच्यातनंच जाणार."

मग तोडगा निघाला. प्रतीक्षा मिथुनशी बाजूला जाऊन बोलली. आज त्यानं दोरी परत ओली करून तिच्यावर चंदेरी टेप गुंडाळला आणि वरून पातळ पत्र्याचं आवरण चढवून पट्ट्या आवळल्या. कंपनीत आम्हीही असंच करायचो, त्याला क्लॅडिंग म्हणतात. मला आनंद झाला. पोरगी शेवटी माझीच, तिला काम नीटनेटकं लागतं. मिथुनच्या मात्र तोंडाला भला मोठा मास्क, हातात मोजे. मी हसलो. तो हसला नाही. "काका, तुमी लांब बसा. अजून लांब."

रोज उठून त्याची चेष्टा करणारा मी. आज तो चहाही न पिता गेला, आणि मजुरीचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

२५ एप्रिल

सोजर आता पाठीला तीन उशा लावून बसल्या-बसल्या झोपते. वजन अडतीस. डॉक्टरबाईंनी ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर आणि कागदांची पिशवी दिली आहे. मी रोज गाडी चालू करून वीस मिनिटं ठेवतो, बंद करतो, वीस मिनिटांनी परत चालू करतो. नळीपाशी अठ्ठावन्न. मला भीती गाडीची नाही राहिली आता.

२८ एप्रिल, सोमवार. पाथर्डीजवळ, जमनाअक्काच्या घरी

पोचलो! आधी ते लिहितो, मग बाकीचं.

पहाटे पाचला निघालो. ऊन चढायच्या आत घाट पार करायचा हिशेब होता. पण वाड्याच्या पुढे ट्रक आडवा झालेला, अडीच तास एका जागी. गाडी चालू ठेवावी तर तापते, बंद करावी तर आच वर येते. मी बंद-चालू, बंद-चालू करत राहिलो.  मागच्या सीटवर प्रतीक्षा सिलिंडर मांडीवर घेऊन. सोजर मलाच धीर देत होती. "काय व्हत न्हाई. तुम्ही बांधलीया न्हवं?"

माळशेजच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेबारा. जे टाळायचं तेच ऊन डोक्यावर. पुढे एक भरलेला टेंपो, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. मी काट्याकडे बघत नव्हतो, कान लावून ऐकत होतो. एअर लॉक व्हायच्या आधी इंजिन श्वास अडकल्यासारखं करतं. शेजारी सोजरचा श्वास तसाच. दोन्ही आवाज एकत्र ऐकत मी तो घाट चढलो. तिचं तोंड तिकोनी काचेपाशी, डोळे मिटलेले, केस उडतायत. एकाही वळणावर गाडी चुकली नाही.

वर पोचल्यावर झाडाखाली थांबलो. मी सवयीनं बोनेट उघडायला निघालो तर सोजरनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या बंद. मीच बघते." आणि तिनं डॅशबोर्डाखाली हात घालून इंजिनाकडच्या पत्र्यावर तळहात टेकवला. या पत्र्याला पूर्वी पाय लागला तरी चटका बसायचा. ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. चारला थांबून श्वास घेतला. सातला परत थांबली. मागे प्रतीक्षा तोंडात ओढणी धरून बसली होती. सोजरनं दहा म्हटलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"न्हाई भाजत. पास. लई चांगली बांधलीत हो दोरी."

एकतीस वर्षांत माझ्या कामाला साहेब लोकांनी पास म्हटलं. तिनं पहिल्यांदाच म्हटलं, कारण तिनं माझं काम कधी बघितलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत. संध्याकाळी सहाला अक्काच्या दारात. भाचा भाग्येशनं सोजरला उचलून आत नेलं. अक्कानं चाचपडत तिचं तोंड हातात घेतलं आणि म्हणाली, "केवढीशी झालीस गं." दोघींना तसंच ठेवून मी बाहेर येऊन गाडीपाशी बसलो.

आजचा दिवस सोन्यासारखा गेला.

३० एप्रिल. आखिती

अक्काच्या घरी आमरस, कुरडया. सोजरनं दोन चमचे रस खाल्ला. अक्कानं तिला नवी हिरवी साडी नेसवली, न दिसणाऱ्या हातांनी निऱ्या घातल्या, आणि त्या बरोबर आल्या.

९ मे, शुक्रवार

सोजर गेली. सकाळी नऊ वाजता. अक्काच्या मांडीवर डोकं होतं. माझा हात तिच्या हातात होता.

२४ मे, शनिवार. बोईसर

दहावं-तेरावं तिकडेच केलं. परत येताना गाडीत मी एकटा, प्रतीक्षा पुढे एसटीनं गेली होती. घाट उतरलो. गाडी थांबली नाही. मी वाट बघत होतो की थांबावी. बाजूची तिकोनी काच उघडीच ठेवली होती.

घरात आल्यावर पहिले काही तास ठीक गेले. मग तिचा चष्मा दिसला, उशांची रास दिसली. मिथुन म्हणाला होता, इंजिन बंद झाल्यावरच आच वर येते. तसं झालं. मी स्वयंपाकघरात खाली बसलो आणि हंबरडा फोडला. लाज वाटली नाही.

२७ मे, मंगळवार

प्रतीक्षा मला पालघरला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. म्हणाली, पप्पा, तुमचाही छातीचा फोटो काढायचाय. मी म्हणालो, मला काय धाड भरलीय? ती रडायला लागली. दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं सगळं सांगितलं.

मसोत्यासारखीच ती पांढरी दोरीही एस्बेस्टॉसची होती. तिची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही, तीस-चाळीस वर्षं गप्प बसते आणि मग उठते. आठ एप्रिलला डॉक्टरांनी परत विचारलं होतं, घरातलं कोणी कारखान्यात होतं का. मी बाहेर गाडीपाशी होतो. सोजरनंच सांगितलं. "मालक पाइप बांधायचे. त्यांचे कपडे मी झटकायची." मग तिनं एकच प्रश्न विचारला, "त्यांना बी व्हईल का?" डॉक्टर म्हणाल्या, होऊ शकतं, तपासावं लागेल. दोरीला हात लावू देऊ नका.

मी प्रतीक्षाला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, आईनं शपथ घातली. आई म्हणाली, "मी असेपर्यंत सांगू नको. एकतीस वर्षं काय केलं म्हणून कोणी विचारलं, तर त्यांच्यापाशी दाखवायला ते पाइप बांधणं तेवढंच हाय."

माझा फोटो डॉक्टरांनी उजेडासमोर धरला. आतल्या पडद्यावर पांढरे डाग आहेत म्हणाल्या, पण आज तरी काळजीचं नाही, दर सहा महिन्यांनी यायचं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. खरं सांगतो, मला वाटलं होतं की माझ्यातही तेच निघावं. मी भरपूर खाल्ली ती धूळ, आणि निवडून तिलाच लागली.

२९ मे

दोन दिवस वही मागून पुढे वाचतोय. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मसोतं मी दिलं. गोणी मी आणली, साहेब पुरा म्हणाले होते तरी. तिला गेटच्या आत पाऊल टाकू दिलं नाही म्हणून छाती फुगवून सांगितलं, आणि कारखाना रोज संध्याकाळी सदऱ्यातून दारात आणून दिला. ती कंपनी आता तिथे नाही, त्या जागी दुसरंच काही उभं आहे. भांडायला जावं तर पत्ता नाही. साहेबांना ठाऊक होतं म्हणून तर पुरायला सांगितलं. आम्हाला कोणी सांगितलं नाही. पण मी तरी एकदा का विचारलं नाही, एवढा चांगला माल हे जमिनीत का घालतायत?

मिथुन आला होता. म्हणाला, "काका, पाइप सगला काडून टाकू, नवीन बसवू. आता तुमच्या पोरीनी सांगितलाय कसा काडायचा ते, ओला करून, पिशवीत घालून." मी म्हणालो, कर. गाडी तापली तर तापू दे. आता कुठे जायचंय.

ही वही फाडावी असं वाटलं होतं. पण अठ्ठावीस एप्रिलच्या पानाशी थांबलो. सोन्यासारखा दिवस, असं लिहिलंय मी. त्या दिवशी तिला सगळं माहीत होऊन वीस दिवस झाले होते. कशानं मारलं ते माहीत होतं, कोणी आणलं ते माहीत होतं. आणि तरी माळशेजच्या माथ्यावर तिनं पत्र्यावर हात ठेवला, दोनदा थांबून श्वास घेत दहापर्यंत मोजलं, आणि मला पास केलं.